बोगद्याच्या तोंडाशी

अपघातातली गाडी तपासायला गेलं की आम्हा मोटार वाहन निरीक्षकांना पोलीस एकच विचारतात: गाडीत काही दोष होता का? रस्त्यात होता का, हे कुणी विचारत नाही.

मे महिन्यातली भर दुपार. घाटातल्या बोगद्यात, तोंडापासून थोडं आत, बंद पडलेल्या ट्रकवर भाजीचा टेम्पो मागून आदळला होता. क्लीनर जागीच गेला. चालक विशीतला पोरगा. त्याचा पाय पुढे गुडघ्याखालून काढावा लागला. गुन्हा त्याच्यावरच: भारतीय न्याय संहिता, कलम 281 आणि 106. हयगयीने गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत.

टेम्पो मी नीट तपासला. ब्रेकच्या पाइपला गळती नाही, टायरची नक्षी शाबूत. पण टायर घासल्याच्या काळ्या खुणा ट्रकच्या जेमतेम चार-पाच मीटर अलीकडे सुरू झाल्या होत्या, म्हणजे ब्रेक अगदी शेवटी दाबला होता.

"डुलकी लागली असणार, मॅडम," हवालदार म्हणाले.

मला ते पटेना. मी त्यांना लाल झेंडी देऊन ट्रकच्या जागी कडेला उभं केलं आणि आमची जीप बाहेरून सावकाश आत आणायला लावली. उन्हाने डोळे दिपलेले. समोर बोगद्याचं तोंड म्हणजे नुसता काळा डाग. आत शिरल्यावरही क्षणभर ना हवालदार दिसले, ना झेंडी. दिसले तेव्हा अगदी जवळ आलो होतो, आणि आमचा वेग होता टेम्पोच्या निम्म्याहूनही कमी.

वर पाहिलं तर तोंडाजवळच्या दिव्यांच्या रांगा बंद. देखभालीचा माणूस म्हणाला, "दिवसा कशाला? बिल येतं ना." खरं तर बोगद्याच्या तोंडाशी रात्रीपेक्षा दिवसा जास्त उजेड लागतो, कारण डोळा उन्हातून आत येतो. रात्री बाहेरही अंधारच असतो, डोळा सरावलेला असतो.

"हे लिहायचं कुठं?" हवालदारांनी विचारलं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आलंय, ते मी त्यांना दाखवलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणा आणि ठेकेदारही दोषी. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पंचांना बोलावून बंद दिव्यांची नोंद पंचनाम्यात घेतली. मला हवालदारांचं फार कौतुक वाटलं.

तरी या कलमातली शिक्षा म्हणजे जास्तीत जास्त 1 लाख रुपये दंड. माणूस मेल्यावर 1 लाख! आणि कुणी मरेपर्यंत किंवा अपंग होईपर्यंत हे कलम लागतच नाही. 1999 मध्ये फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्याच्या आगीत 39 माणसं गेली, तेव्हा फ्रान्समधल्या न्यायालयाने 2005 साली बोगद्याच्या सुरक्षाप्रमुखालाही दोषी धरलं. त्याआधीच, 2004 मध्ये, युरोपीय संघाने प्रमुख महामार्गांवरच्या 500 मीटरहून लांब बोगद्यांसाठी किमान सुरक्षा बंधनकारक केली. अपघाताची वाट न पाहता नियमित तपासणीही त्यात आहे. आपल्या कायद्यात मला हेच हवंय.

पंचनाम्याची प्रत जोडून पोलिसांनी रस्त्याच्या यंत्रणेला पत्र पाठवलं. दिवे आता दुपारीही लागतात. पोरावरचं आरोपपत्र मात्र कायम आहे. त्याच्या वकिलांनी माझा अहवाल मागवलाय, आणि समन्स आलं की मी साक्षीला जाणार आहे.