झांझिबार: 'सा कुमी' म्हणजे दहा नव्हेत, आणि कांगा वाचल्याशिवाय घेऊ नका

झांझिबार बेटाच्या दक्षिणेकडच्या मकुंदुची गावाहून शेवटची डालाडाला, म्हणजे तिथली प्रवासी मिनीबस, 'सा कुमी'ला सुटते, असं थांब्यावरच्या माणसाने मला दोनदा सांगितलं. सा म्हणजे तास, कुमी म्हणजे दहा, एवढं स्वाहिली मी पुण्याहून पाठ करून गेलो होतो. रात्री दहापर्यंत गाडी आहे म्हणून किनाऱ्यावर निवांत बसलो, साडेपाचला सहज थांब्यावर आलो, तर तिथे चिटपाखरू नव्हतं.

माझ्याजवळच्या संभाषण-पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहितो. स्वाहिली तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. भर दुपारचे बारा म्हणजे 'सा सिता', सहावा. 'सा कुमी' म्हणजे दुपारचे चार! झांझिबार विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम 6 अंशांवर, त्यामुळे बारा महिने सूर्य सहाच्या आसपासच उगवतो आणि मावळतो. तिथे ही मोजणी अगदी चोख बसते. आपल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजत. कोणी वेळ सांगितली की सहा तासांचा फरक धरा आणि घड्याळाच्या तबकडीवर बोट ठेवून दाखवायला सांगा. लाजू नका.

स्टोन टाउनला, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागात, परतायला टॅक्सीवाल्याने 'लाकी मोजा' मागितले. लाकी म्हणजे आपला लाखच. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर गेलेले असे शब्द तिथे पुष्कळ आहेत: चपाती, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा. अंधार पडत होता, घासाघीस करायची ताकद नव्हती. एक लाख शिलिंग मोजले. डालाडालाचं भाडं याच्या पासंगालाही पुरत नाही.

दुसरी फसवणूक कांग्याची. कांगा म्हणजे बायकांचं रंगीत सुती वस्त्र, साधारण दीड मीटर लांब. एक कमरेला, दुसरा डोक्या-खांद्यावरून. चारही बाजूंच्या काठाला 'पिंदो' म्हणतात, मधल्या भागाला 'म्जी', म्हणजे गाव, आणि खालच्या काठाजवळ स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते, तिला 'जिना', म्हणजे नाव. कांगा नेहमी जोडीने विकतात. दोन तुकडे एकाच कापडात सलग असतात, त्या जोडीला 'डोती' म्हणतात. हे मला माहीत नव्हतं. पर्यटकांच्या गल्लीतल्या दुकानदाराने माझ्यासमोर डोती मधोमध कापली आणि अर्ध्या कापडाचे 30,000 शिलिंग घेतले. दुसऱ्या दिवशी दाराजानी बाजाराच्या आतल्या बाजूला अख्खी डोती 12,000 ला मिळाली. त्या गल्लीत कांगा घेऊ नका. जाड कापड दाखवून कांगा म्हणत असतील आणि त्यावर अक्षरं नसतील, तर तो कितेंगे आहे. शिवायला चांगला, पण वेगळी चीज.

पैशांपेक्षा जिव्हारी लागली ती ओळ. बायकोसाठी घेतलेला तो कांगा मी घरमालकीणबाईंना दाखवला. त्यांनी ओळ वाचली आणि घडी घालून परत माझ्या हातात दिली. 'म्धानिआये न्दिये कुंबे सिये': हाच तो असं ज्याला समजलात, तो तो नव्हेच. हा बायकोला द्यायचा नाही, म्हणाल्या. शेजारणीला, सवतीला, सासूला जे तोंडावर बोलता येत नाही ते तिथे कांगा नेसून बोलतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे वस्त्र या किनाऱ्यावर रुजलं. सुरुवातीच्या ओळी अरबी लिपीत असत, पुढे रोमन आली. आज कित्येक कांगे भारतातल्या गिरण्यांत छापून तिकडे जातात, आणि इथे त्यांची ओळ वाचता येणारा माणूस शोधावा लागतो.

त्याच बाईंकडे पडवीत बसून मी चार दिवसांत जी भाषा शिकलो, तिने सगळा शीण घालवला. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, स्वाहिली डोकं बदलते. म्तोतो म्हणजे मूल, वातोतो म्हणजे मुलं. किती म्हणजे खुर्ची, विती म्हणजे खुर्च्या. अरबीतून किताब आला, तर त्याचा 'कि' स्वाहिलीच समजून अनेकवचन केलं विताबू! परका शब्द घरचा कसा होतो ते इतकं लख्ख मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. 'निलिकुओना' या एका शब्दात 'मी', भूतकाळ, 'तुला' आणि 'पाहणं' ओळीने बसलंय.

नमस्कार म्हणून नुसतं 'जांबो' म्हणू नका, ते पर्यटकांसाठीचं आहे आणि ऐकताच भाव चढतो. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणा, 'मराहाबा' असं उत्तर येईल. मकुंदुचीची बोली शहरापेक्षा वेगळी आहे, कळली नाही तर हिरमुसू नका. प्रमाण स्वाहिली 1930 नंतर झांझिबार शहराच्या बोलीवरून घडवली गेली. आकडे हजारापर्यंत पाठ हवेतच. खांदे-गुडघे झाका. ऊन सोसता येत नसेल तर दुपारी दाराजानीत शिरू नका.

पाजे या किनाऱ्यावरच्या गावातले तीन दिवस छान गेले. बोटही वेळेवर होती.

बाईंनी निवडून दिलेल्या डोतीवर 'वेमा हाउओझी' आहे: चांगुलपणा कुजत नाही. डोती कापून काठ दुमडून घ्यावे लागतात, ते काम दुकानाबाहेर मशीन घेऊन बसलेले शिंपी तिथल्या तिथे करतात. ते येतात सा तातूला. सकाळी नऊला.