मीठ आणि म्हातारे

आज स्पीड वीकला, म्हणजे वेगाच्या विक्रमांसाठीच्या वार्षिक शर्यतींना, अमेरिकेतल्या युटामध्ये बॉनव्हिलला जाऊन आलो. सॉल्ट लेक सिटीहून सरळ पश्चिमेला, वेंडोव्हरच्या अलीकडे मिठाचं पांढरंशुभ्र मैदान. ऑगस्टचं ऊन वरून आणि खालूनही भाजतं.

मला बघायच्या होत्या त्या ‘बेली टँक’ गाड्या. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावायच्या पेट्रोलच्या जादा टाक्या महायुद्धानंतर भंगारात निघाल्या. 1946 मध्ये बिल बर्कने तसल्याच टाकीची रेसगाडी केली! एक अगदी जवळून पाहिली. रिव्हेटची रांग, इंच इंच घासलेला पत्रा, आणि आत ड्रायव्हर कसा मावतो देव जाणे. गिअर इतके लांब, म्हणजे फक्त प्रचंड वेगासाठीच जुळवलेले, की सुरुवातीला मागून पिकअपने ढकलत न्यावं लागतं.

पिटमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांशी बर्ट मन्रोचा विषय निघाला. न्यूझीलंडचा हा पठ्ठ्या 1920 सालची इंडियन स्काउट मोटारसायकल घरच्या घरी सुधारत राहिला आणि 1967 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, इथेच ताशी 183 मैलांच्या वर विक्रम करून गेला. आजोबा बोलता बोलता शेजारच्या टीमला पाना काढून देत होते. ती टीम त्यांच्याच वर्गातली, म्हणजे प्रतिस्पर्धी! इथे बक्षिसाची रक्कम नाही, म्हणून असेल कदाचित.

मिठाचा थर मात्र पातळ होत चाललाय. 2014 आणि 2015 ला स्पीड वीक रद्दच झाला होता.

गाडी खालून पूर्ण धुतल्याशिवाय गॅरेजमध्ये घ्यायची नाही, असा गृहमंत्र्यांचा हुकूम आहे. चला, पाइप शोधतो.