भूक गेली, उपदेश उरले

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं हे कळल्यापासून मायदेशातून मला दोन प्रकारचे निरोप येतात. एक, "मलाही करायचंय, नक्की काय करतात गं?" आणि दुसरा, बहुधा नात्यातल्या मोठ्यांचा, "जरा मनावर घेतलं असतंस तर पोटाला चाकू लावायची वेळ आली नसती." पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सुरुवात दुसऱ्यापासून करते, कारण त्याचा मला राग येतो.

मनावर मी आयुष्यभर घेतलंय. जाड माणसाइतकं मनावर घेणारं दुसरं कोणी नसेल. खुर्चीत बसण्याआधी तिचे हात किती जवळ आहेत ते बघायचं, फोटोत मागच्या रांगेत सरकायचं, जिना चढून आल्यावर धाप दिसू नये म्हणून उगाच फोन कानाला लावून उभं राहायचं. परदेशी आल्यावर यात विमानाची भर पडली. सीटचा पट्टा पुरत नसे, म्हणून वाढीव पट्टा मागावा लागे. मी आत शिरतानाच हवाईसुंदरीला हळूच सांगून ठेवायचे आणि ती बिचारी तो मुठीत गुंडाळून आणून द्यायची. एकदा मात्र एकीने तो वर धरून "हा कुणी मागितला होता?" असं अख्ख्या रांगेला विचारलं. त्या प्रवासात मी जवळजवळ पाणीच प्यायले नाही. पाणी प्यायलं की उठावं लागणार, आणि त्या स्वच्छतागृहात मला वळताही येत नसे.

वजन मी कमीही केलं होतं, अनेकदा. ते परत यायचं. हे रडगाणं नाही, शरीराचा स्वभावच तसा आहे. वजन उतरलं की चरबीतून येणारं, पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन नावाचं हार्मोन घटतं, भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं आणि शरीर बसल्या जागी पूर्वीपेक्षा कमी कॅलरी जाळायला लागतं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं होतं. तो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, आणि शरीर मात्र अजूनही अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमीच जाळत होतं. आता यांनी मनावर घेतलं नव्हतं असं कोण म्हणेल?

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तोवर माझ्या वजनावर बोलायला कुणाला परवानगी लागते हेच मला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनसाठी बीएमआय बघतात, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. हे गणित बेल्जियमच्या क्वेटेलेने 1832 च्या सुमारास मांडलं ते समाजाची सरासरी काढायला. एकट्यादुकट्याची तब्येत त्यावरून जोखावी असा त्याचा हेतू नव्हता, पण गळ्यात पडलं ते आपल्याच. 1991 च्या अमेरिकी निकषांनुसार ऑपरेशनला बीएमआय 40 लागायचा, किंवा मधुमेहासारखं दुखणं जोडीला असेल तर 35. 2022 मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या संघटनांनी तो सरसकट 35 वर आणला आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी 27.5 वर. आपल्याला मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून. अर्थात प्रत्येक देशात, प्रत्येक दवाखान्यात हे जसंच्या तसं पाळतात असं नाही.

आधी मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, झोपेची तपासणी, सगळ्यांच्या हाताखालून जावं लागतं. मग शेवटचे दोन आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार. तो यकृतासाठी असतो. यकृताचा डावा भाग जठरावर येतो, तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला पुढे जाता येत नाही, आणि चरबीने फुगलेलं यकृत उचलायला अवघड.

या ऑपरेशनचे स्लीव्ह आणि बायपास असे प्रकार असतात. माझी स्लीव्ह झाली. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी तेवढी ठेवतात. बायपासमध्ये जठराची साधारण 30 मिलीची थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आम्लपित्त घशाशी येण्याचा फार त्रास असेल तर सहसा बायपास बरा, कारण स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. हे सर्जनला खोदून विचारा, मैत्रिणीने काय केलं ते बघू नका.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं. पायात घट्ट मोजे, आणि त्याच संध्याकाळी नर्सने उठवून चालायला लावलं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. मग हातात औषधाचा इवलासा प्लास्टिकचा कप दिला, त्यावर 30 मिलीची रेघ. तेवढं पाणी संपवायला मला बराच वेळ लागला. एक घोट, थांबा. छातीच्या मध्यावर काहीतरी अडल्यासारखं, ते खाली उतरलं की पुढचा घोट.

आणि भूक गेली. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. दुपार उलटून गेली तरी मी जेवायचं विसरलेय हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः रडले. आनंदाने नाही, संतापाने. बारीक माणसं अशीच जगत होती तर! समोर ठेवलेलं अर्धवट सोडून उठणं हा त्यांचा संयम म्हणून मला इतकी वर्षं ऐकवला गेला, आणि त्यांना तर ते जाणवतही नव्हतं. माझ्या स्वभावात तसूभर फरक पडला नव्हता. जठर तेवढं लहान झालं होतं.

म्हणून "शॉर्टकट" म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीने गळतात, पुढे येतात परत. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं त्या एवढ्याशा जागेत बसवायची. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबा म्हणतात. लोंबणारी कातडी व्यायामाने जात नाही, आणि त्याचं ऑपरेशन निराळं.

अनोळखी लोक आता माझ्याशी जास्त गोड वागतात, हेही मला नीट पचलेलं नाही. दार धरून ठेवतात. पूर्वी मीच त्या दारात जास्त जागा अडवायचे, तेव्हा मी कुणाला दिसत नव्हते.

वजनाने तळ गाठल्यावर काही किलो परत आले. येतात, आधी सांगितलेलं असतं. पूर्वी अशा वेळी मी दवाखान्याकडे फिरकलेच नसते. यावेळी गेले. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, झोप कशी आहे विचारलं, लागलंच तर भुकेवरची इंजेक्शनंही आहेत म्हणाल्या आणि रक्ताच्या रिपोर्टकडे वळल्या. त्यांना काळजी लोहाची होती. गोळी वाढवली आहे. ती कॅल्शियमपासून दोन तास लांब घ्यायची असल्याने माझा फोन आता दिवसभर गजर वाजवत असतो. बोलता बोलता मी मध्येच उठले तर राग मानू नका.