फळ्यावरची सरळ रेघ

आमचे भूगोलाचे सर फळ्यावर लाकडी पट्टी धरून भूकवच आणि प्रावरण यांच्यामध्ये एक सरळ रेघ ओढत व तिच्यापुढे ‘मोहो विलगता’ असे लिहीत. क्रोएशियातील भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोव्हिचिच यांनी १९०९ च्या एका भूकंपाच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा काही लहरी खोलवरच्या खडकातून अधिक वेगाने येऊन आधी पोचल्याचे त्यांना दिसले आणि त्यावरून ही सीमा ठरली, एवढे सांगून सर पुढच्या धड्याकडे वळत. परीक्षेत मीही ती रेघ पट्टीनेच काढली.

पुढे नोकरीनिमित्त मस्कतला राहिलो. ओमानच्या डोंगरांत सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा सागरतळ खालच्या प्रावरणासकट जमिनीवर चढून बसला आहे. त्यामुळे एरवी सागरतळाखाली सहा-सात आणि खंडांखाली साधारण तीस-चाळीस किलोमीटरवर असणारी ही सीमा तेथे वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या, काठाने चालत पाहता येते. मी अर्थातच रेघ शोधत होतो. खाली प्रावरणाचा तपकिरी खडक, पेरिडोटाइट, होता, वर भूकवचाचा करडा खडक, गॅब्रो, होता. मधल्या पट्ट्यात मात्र, जो कुठे काही मीटर तर कुठे काहीशे मीटर जाड आहे, ड्युनाइट नावाच्या खडकामध्ये गॅब्रोचे आडवे थर शिरलेले होते, काही बोटभर, काही पुरुषभर जाडीचे.

हे काम शिलारसाचे. वर चढताना तो पेरिडोटाइटमधील पायरॉक्सीन हे खनिज विरघळवतो आणि मागे जवळजवळ निव्वळ ऑलिव्हिनचा, म्हणजे मॅग्नेशियमने समृद्ध अशा खनिजाचा, ड्युनाइट उरतो. वरचा थंड खडक वाट अडवतो, तेव्हा शिलारस आडवा पसरून साचतो, निवताना त्यातून स्फटिक वेगळे होतात, आणि पुढची खेप आधीच्या थरांमध्येच घुसते.

आपल्या शाळेच्या मैदानावरून दिसणाऱ्या सह्याद्रीच्या पायऱ्या सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या आहेत. प्रावरणातून थेट आलेल्या शिलारसापेक्षा दख्खनच्या बहुतेक बेसाल्टात मॅग्नेशियम बरेच कमी आढळते. काकवीच्या बरणीत तळाला साखर बसते, तसे या शिलारसाने आपले ऑलिव्हिन वाटेतच टाकले असणार. त्यातला मोठा वाटा भूकवचाच्या तळाशी थरांच्या रूपाने असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मैदानावरून त्या पायऱ्या सात की आठ, यावर आम्ही भांडत असू. खालच्या पायऱ्यांची आम्हाला कल्पनाच नव्हती.

त्या वादीचे एक मोठे छायाचित्र शाळेच्या भूगोल कक्षासाठी देत आहे. त्यात थरांपाशी एक लाकडी पट्टी दिसेल; ती जाडीचा अंदाज यावा म्हणून ठेवली आहे.