अजिंठा: छद्दंत हत्ती, दोन भिंतींवर

अजिंठ्याला जाणार असाल तर माझं ऐका, १ नंबरच्या लेण्यापासून सुरुवात करू नका. सगळी गर्दी पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र, बघायला आधी तिथेच घुसते आणि १७ पर्यंत येईस्तोवर पाय आणि पेशन्स दोन्ही संपलेले असतात. आम्ही फर्दापूरच्या टी जंक्शनवरून सकाळच्या बसने आत गेलो आणि तडक १० नंबर गाठलं.

हे चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, इथल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनाच्याही आधीचं. उजव्या भिंतीवर छद्दंत जातक आहे, जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांची गोष्ट. आता फार पुसट झालंय, पण डोळे अंधाराला सरावले की एकेक हत्ती दिसायला लागतो, झाडाखाली, पाण्यात, कळपात. गोष्ट अशी की बोधिसत्त्व (बुद्ध होण्याआधीच्या जन्मातला बुद्ध) सहा सुळ्यांचा गजराज होता, त्याची एक हत्तीण मत्सराने मेली आणि पुढच्या जन्मी राणी झाली, तिने जुना राग धरून शिकाऱ्याला त्याचे सुळे आणायला पाठवलं, आणि हत्तीने चक्क स्वतःच ते कापायला मदत केली. सुळे समोर आले तेव्हा राणी कोसळली. तो कोसळण्याचा क्षण चितारलाय इथे.

याच लेण्यात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी १८१९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने पोचला आणि खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव अन २८ एप्रिल ही तारीख कोरून गेला. मला त्याचा खरंच राग येतो.

मग १७ नंबर. हे पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, आणि इथेही तीच छद्दंताची गोष्ट! मधे साधारण पाचशे वर्षं गेलेली. १० मध्ये गोष्ट भिंतीवर लांब पट्ट्यासारखी सरकत जाते, १७ मध्ये चित्रकाराने चौकट सोडूनच दिलीय, एक प्रसंग दुसऱ्यात मिसळतो, मधे खडक नाहीतर झाड नाहीतर महालाचा खांब येतो आणि आपणच समजून घ्यायचं की सीन बदलला. आणि रेषा काय आहे हो! एका ओढीत खांदा, दंड, मनगट, कुठे जाड कुठे बारीक, त्यातूनच अंगाला गोलाई येते.

बुद्ध कपिलवस्तूला परत येतात ते चित्र पण इथेच आहे. बुद्ध प्रचंड मोठे, हातात भिक्षापात्र, आणि समोर अगदी लहानशी त्यांची पत्नी यशोधरा मुलगा राहुलला पुढे करतेय. आकारातल्या फरकावरूनच सगळं कळतं. मी तिथून हललेच नाही, मागची माणसं येऊन पुढे निघून गेली तरी.

एक सांगायला हवं, याला सर्रास फ्रेस्को म्हणतात ते बरोबर नाही. ओल्या चुन्यावर रंग मुरवायचा तो फ्रेस्को. इथे खडबडीत पाषाणावर माती, तुस, गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती असे बहुतेक साधेच रंग, फक्त निळा लाजवर्द दगडाचा, जो थेट अफगाणिस्तानातून यायचा. कोरड्यावर काम म्हणून पापुद्रे लवकर सुटतात, त्यात नंतरच्या लोकांनी जपण्यासाठी म्हणून वॉर्निश फासलं ते पिवळं पडलं.

रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे बसून या चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जेजे कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सनी तिथल्या मुलांना घेऊन पुन्हा केल्या, त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. म्हणून म्हणते, मूळ भिंत बघायला जा, आणि निवांत जा.

सोमवारी बंद असतं. फ्लॅश चालत नाही. छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या, १७ च्या छताकडे बघताना तिचा खूप उपयोग होतो. पद्मपाणी शेवटी बघा, दुपारनंतर तिथली गर्दी जरा ओसरते.