तोत्तोरीचं वाळूचं म्युझियम : आईला जपानमध्ये वेरूळ सापडलं

दादा ओसाकाला असतो, त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि आई तिकडे जाऊन आलो. क्योटो, नारा वगैरे सगळे करतात तेच आम्हीपण केलं, त्यावर नेटवर ढिगाने लिहिलेलं आहे, मी नवीन काय सांगणार. पण पश्चिम जपानमधल्या तोत्तोरीला आपल्याकडचे लोक फारसे जात नाहीत म्हणून हे लिहितेय.

तिथे फक्त वाळूच्या शिल्पांचं म्युझियम आहे. 2006 ला सुरू झालं, पहिलं प्रदर्शन इटलीच्या रेनेसाँसवर (प्रबोधनकाळावर) होतं, आणि 2012 पासून पक्क्या इमारतीत आहे. 'वाळूतून जगाची सफर' अशी कल्पना, थीम बदलत राहते. आम्ही गेलो तेव्हा इजिप्त होतं. प्रदर्शन संपलं की सगळं पाडतात आणि तीच वाळू पुढच्याला वापरतात. आई लगेच म्हणाली, "म्हणजे विसर्जनच की."

आता जायचं कसं. ओसाकाहून सुपर हाकुतो नावाची थेट ट्रेन आहे, अडीच तास लागतात. इथेच आमचा पोपट झाला. देशभर चालणारा जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) आहे म्हणून मी आणि आई ऐटीत बसलो, आणि मध्ये कंडक्टर येऊन अतिशय नम्रपणे वाकून पैसे मागायला लागला, कारण कामिगोरी ते चिझू हा टप्पा चिझू क्यूको या वेगळ्या रेल्वेचा आहे, तिथे तो पास चालत नाही. दोघींचे मिळून बऱ्यापैकी गेले, दादा पुढचा अर्धा तास गप्प. तेव्हा ते पैसे आधीच हिशोबात धरा. तोत्तोरी स्टेशनवरून म्युझियमला बस आहे, वीसेक मिनिटं. पण बसेस आपल्या पुण्याच्या पीएमटीसारख्या मागोमाग येत नाहीत, आमची एक डोळ्यांदेखत गेली आणि पुढचीसाठी बाकावर बसून राहावं लागलं. उतरल्या उतरल्या परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा.

तिकीट हजार येनच्या आत होतं. आत शिरल्यावर पहिल्यांदा वास जाणवतो, ओल्या वाळूचा, घराचं बांधकाम चालू असताना येतो ना तसा. आणि मग समोर फेरो म्हणजे इजिप्तचे राजे, देवळं, पिरॅमिड, मान वर करून बघावं लागेल एवढं उंच. शिल्पकार वेगवेगळ्या देशांतून येतात. 1922 मध्ये तुतनखामन या फेरोची कबर सापडली त्याला नुकतीच शंभर वर्षं झाली होती, म्हणजे थीमचा मुहूर्तपण बरोबर साधलेला.

मी मात्र लांबून बघण्यापेक्षा दोरीपाशी वाकून बघत बसले. जवळून बघितलं की वाळूत आडव्या पुसट रेघा दिसतात, थरावर थर. लाकडी चौकट उभी करतात, त्यात वाळू आणि पाणी घालून ठोकून घट्ट दाबतात, त्यावर पुढची चौकट, असा आधी एक भलामोठा ठोकळा तयार होतो. मग सगळ्यात वरची चौकट काढून कोरायला सुरुवात, आणि हळूहळू खाली यायचं. खालचं कोरून झालं की वर परत जाता येत नाही, वरचं चुकलं तर चुकलंच. वाळू धरून ठेवायला आत सिमेंट नाही की सळई नाही, दाबलेली वाळू आणि पाणी एवढंच. एका पुतळ्याच्या पायाशी चिमूटभर वाळू गळून पडली होती, मुंग्यांच्या वारुळाबाहेर असते तशी, ती बघून उगाचच छातीत धडधडलं.

दादा हे सगळं आईला समजावत होता तर ती म्हणते, "अरे मग हे आपल्या कैलासासारखंच झालं, आधी कळस मग पाया!" दोघंही बघत राहिलो तिच्याकडे. शाळेत असताना सहलीला वेरूळला गेली होती, तेव्हाचं डोक्यात होतं. त्यानंतर ती प्रत्येक शिल्प वरून खाली बघायला लागली आणि आम्हाला दीड तास तिथून हलता आलं नाही, मी तासाभराचा हिशोब केला होता.

फोटो काढू देतात, हात लावायचा नाही. लहान मुलं असतील तर हात धरूनच ठेवा बाबा.

म्युझियमच्या तिसऱ्या मजल्यावरून बाहेर तोत्तोरीचे वाळूचे डोंगर दिसतात, चालत जाता येतं तिथे. 16 किलोमीटर लांब पट्टा आहे, त्यात 'घोड्याची पाठ' नावाची सुमारे 47 मीटरची चढण, पलीकडे समुद्र. चढताना दोन पावलं पुढे गेलं की एक मागे येतं. आई अर्ध्यात बसली आणि तिथूनच उंटांना हात करत होती. बूट आतून भरतात, म्हणून आजूबाजूच्या दुकानांत भाड्याने चपला मिळतात त्या घ्या. आणि हो, वाळूवर मोठमोठी नावं कोरायला बंदी आहे, बदाम-बिदाम तर अजिबात नको.

खाण्याचं : शाकाहारी असाल तर कठीण आहे, हे गाव खेकड्यांसाठी प्रसिद्ध, आणि साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्श्यातपण मासा असतो. आम्ही दशम्या नेल्या होत्या त्याच बाकावर बसून खाल्ल्या आणि वर तिथल्या नाशपातीचं आईस्क्रीम, ते सोडू नका.

जानेवारीच्या सुरुवातीपासून साधारण एप्रिलपर्यंत नवीन शिल्पांच्या कामासाठी म्युझियम बंद असतं. चेरी ब्लॉसमच्या नादात मार्चअखेरीस जाल तर कुलूप बघून परत याल, तारखा बघूनच ट्रेन बुक करा.