पंखा बंद आणि रिटर्नची मुदत दोन दिवसांवर

जुलै संपत आला की सांगलीतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात करसल्लागारांच्या खेपा वाढतात. ३१ जुलैची मुदत डोक्यावर असते. अशात एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या. चालू केला की काळ्या स्क्रीनवर इशारा यायचा: कूलिंग फॅन नीट चालत नाही, १५ सेकंदांत मशीन बंद होईल, तसंच वापरायचं असेल तर एंटर दाबा.

"एंटर दाबून दोन दिवस काम उरकलं तर चालेल का हो?"

खालचं झाकण काढून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पंख्याचं पातं बोटाने हलवलं तर ते जागीच डुलत होतं आणि कडेला घासत होतं, बेअरिंग संपलेलं. अशा पंख्यात तेलाचा थेंब सोडून तो आठवडाभर घरघरत ठेवणारे आहेत, मी त्यातला नाही. नवा पंखा मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून येणार, म्हणजे मुदत टळल्यावरच. पत्र्यांच्या जाळीत साचलेला धुळीचा थर मात्र तेवढ्यात काढून टाकला. पंखा नसताना हवेला तीच एक वाट उरते.

प्रोसेसर आय५-८२५०यू होता, म्हणून हो म्हटलं. त्याचं गणित १५ वॉटचं, म्हणजे उष्णता कमी; मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये, म्हणजे कामाच्या ताणाला तात्पुरता वाढवलेला वेग, ३.४ पर्यंत. ४५ वॉटचा गेमिंग लॅपटॉप असता तर मशीन ठेवूनच घेतलं असतं.

सगळ्यात आधी क्लायंटच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग उतरवतो आणि तरीही तापमान चढत राहिलं तर मशीन क्षणात बंद पडतं. सेव्ह न केलेलं गेलंच म्हणून समजा.

मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथल्या 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट'मध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ची ९९ केली की टर्बो बंद होतो. एका टक्क्यात एवढा फरक पडतो हे ताईंना पटेना, म्हणून तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून दाखवलं: ९७ अंशांवर गेलेला आकडा ८० च्या खाली उतरला. तेवढ्यावर न थांबता ती स्टेट ५० टक्के केली, बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी, आणि 'सिस्टीम कूलिंग पॉलिसी' पॅसिव्हवर टाकली, म्हणजे मशीन पंख्याआधी वेग उतरवतं. काही मशिनांत हा विभाग दिसतच नाही. तिथे सेटिंग्जमधला 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' मोड निवडायचा. विंडोज अपडेट आठवडाभर पॉज केलं, अँटिव्हायरसचं ठरलेलं स्कॅन पुढे ढकललं. काही न करता मशीन तापतं, त्याचं कारण बहुधा या दोघांत सापडतं.

एक्सेल, पोर्टल आणि ब्राउझरचे तीन-चार टॅब एवढ्यावर आकडा साठ-पासष्टच्या घरात राहिला. व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर दहा मिनिटांत ८५. "क्लायंटशी फोनवरच बोला," असं बजावलं. ८५ दिसले की काम सेव्ह करून शटडाउन, ही हद्द ठरवली.

मशीन टेबलावरच ठेवायचं, मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचललेली, आणि टेबलफॅनचा झोत मागून व खालून. चार्जिंग करायचं ते मशीन बंद असतानाच, कारण चार्ज होताना बॅटरी आणि बोर्डाचा तो कोपरा वेगळा तापतो. एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) आणि पॉवर सर्किटवरून जाणारा वाराही पंख्याबरोबर थांबलेला असतो, त्यामुळे प्रोसेसरच्या एकट्या आकड्यावर विसंबायचं नाही. तळाला हात टेकवेना झाला की बंद. नुसतं झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकायचा नाही, काही मशीन स्लीपमध्येही जागी होतात. बर्फाची पिशवी खाली ठेवायचा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता. जुलैच्या दमट हवेत त्याने आत पाणी धरतं आणि पंख्याच्या खर्चात मदरबोर्डचा खर्च मिळवावा लागतो.

रिटर्न वेळेत गेले. पंखा आल्यावर तो बसवला. या मॉडेलमध्ये तो हीटसिंकपासून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागापासून, सुटा आहे, म्हणून त्या दोघांमधल्या थर्मल पेस्टला हात लावायची गरज पडली नाही. मग स्टेट परत १०० वर, पॉलिसी अॅक्टिव्हवर आणि अपडेट चालू. हे राहून गेलं की तेच गिऱ्हाईक महिन्याभराने 'मशीन फार स्लो झालंय' म्हणत दारात उभं राहतं.